ती ‘इंडिपेंडंट टाइप’ नाही

टेंभरे सरांची सही मी कुठेही ओळखेन. इंग्रजी ‘टी’ची आडवी रेघ ते अख्ख्या नावावर छप्पर घातल्यासारखी ओढतात. हैदराबादला आमच्या संशोधन संस्थेत मी उन्हाळी प्रकल्पाचे अर्ज तपासत होतो. एका अर्जाच्या शेवटच्या पानावर ती सही दिसली. मी अर्ज मिटला आणि तसाच नायर मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडम निवड समितीच्या प्रमुख होत्या.

“मॅडम, हा अर्ज मला तपासता येणार नाही. शिफारस करणारे माझे सर आहेत.”

“सर म्हणजे? पीएच.डी.चे गाइड?”

“गाइडच्याही आधीचे.”

टेंभरे सरांनी मला गोंदियाच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असं विचारलं, तर आईवडिलांनंतर मी त्यांचंच नाव घेईन. आमचं गाव नवेगाव बांध. वडील जंगलखात्याच्या नर्सरीत रोजंदारीवर होते. घरात चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं आणि कोहमाऱ्याला हायवेवरच्या एका ढाब्यात कामाला लागलो. थोड्याच दिवसांत सर स्कूटरवरून तिथे आले. ओळख दाखवली नाही. खाटेवर बसले आणि चहा मागवला. मी कप घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, “शहारे, माझा चहा पिऊन होते तोवर तुझी पिशवी घेऊन ये. उद्या प्रॅक्टिकल आहे.” मालकाशी ते काय बोलले, मला आजही माहीत नाही. मी स्कूटरवर मागे बसलो आणि गोंदियाला परत आलो.

पुढे नागपूरला एम.एस्सी.साठी गेलो तेव्हा शिफारसपत्रही सरांनीच दिलं. चार ओळींचं. मुलगा सिन्सिअर आहे, रेग्युलर आहे, ओबिडियंट आहे. तिथल्या प्राध्यापकांनी ते वाचलं आणि म्हणाले, “टेंभऱ्यांनी ओबिडियंट लिहिलं म्हणजे झालं.” माझं काम झालं.

आता माझ्या कामाविषयी थोडं सांगायला हवं. मी प्रोटीन डिझाइनमध्ये काम करतो. वडील गावात सांगायचे, “पोरगा हैदराबादले डाळीचं काम करते.” मी कधी दुरुस्त केलं नाही, कारण अगदीच चूक नव्हतं. डाळीत प्रोटीन असतं, अंड्यात असतं, आपल्या अंगात तर हजारो प्रकारची असतात. प्रत्येक प्रोटीन म्हणजे मण्यांची एक लांब माळ समजा. मण्यांचे प्रकार वीस. माळ तयार झाली की ती आपोआप गुंडाळते आणि एक ठरावीक आकार घेते. ती काय काम करणार, हे त्या आकारावर ठरतं. उष्णता लागली की गुंडाळी सुटते, माळा एकमेकींत गुंततात आणि काम बंद पडतं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा गोळा होतो तो असाच.

आम्ही उलट्या बाजूने जातो. आधी आकार ठरवतो. मग कोणता मणी कुठे घातला तर माळ तसा आकार घेईल, हे कॉम्प्युटरवर शोधतो. नंतर ती माळ लॅबमध्ये जिवाणूंकडून बनवून घेतो आणि पाहतो. बहुतेक वेळा ती आम्हाला हवी तशी गुंडाळत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

या कामात दर उन्हाळ्यात आम्ही बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची काही मुलं घ्यायचो. दोन महिने लॅबमध्ये काम, राहायला होस्टेल, थोडं विद्यावेतन. त्या वयात खरी लॅब आतून पाहिली की माणसाची दिशा बदलते. पण जागा मोजक्या होत्या आणि दरवर्षी त्याच मोठ्या शहरांतल्या त्याच कॉलेजांत जायच्या. दोन हजार दहानंतर एका वर्षी नायर मॅडम मीटिंगमध्ये म्हणाल्या, “तुम्ही सगळे आपापल्या गावी जा. जिथे शिकलात तिथे सांगून या की अशी काही सोय आहे.”

म्हणून जानेवारीत मी गोंदियाला गेलो. टेंभरे सरांनी हॉल भरवून ठेवला होता. माझी ओळख करून देताना ते विषयापेक्षा माझ्या हजेरीबद्दल जास्त बोलले. मी मण्यांची माळ सांगितली, उकडलेलं अंडं सांगितलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली.

“सर, माझ्या मोठ्या आईले शुगर आहे. तिचं इन्सुलिन आम्ही मडक्यात ठेवतो. मे महिन्यात लाइट गेली का मडकंही गरम होते. इन्सुलिन म्हणजे प्रोटीनच ना जी?”

“हो, प्रोटीनच.”

“मंग गरमीत न बिघडणारी माळ बनवता येते का?”

मागून एक मुलगा ओरडला, “फ्रिज ले ले ना!”

ती वळून म्हणाली, “तू देतो का घेऊन?”

हॉल हसला. टेंभरे सर उठून उभे राहिले आणि हसणं थांबलं. मी तिला सांगितलं की हा प्रश्न खरोखरच्या लॅबमध्ये विचारला जातो. मणी बदलून गुंडाळी घट्ट करता येते. पण फार घट्ट केली तर इन्सुलिन शरीरात गेल्यावर कामच करणार नाही, कारण तिथे त्याला जरा सैल व्हावं लागतं. ती उभीच होती. म्हणाली, “म्हणजे मडक्यात घट्ट आणि अंगात सैल पाहिजे.”

मला माझ्या विषयाचं इतकं छोटं वर्णन त्याआधी सुचलं नव्हतं. मुलीचं नाव स्वाती कोटांगले. राहायला फुलचूरला. वडील राइस मिलमध्ये हमाल. तिला सर म्हणाले, “अर्ज कर. पत्र मी देतो.”

तोच अर्ज आता माझ्या हातात होता. अर्जात एक पान स्वतःच्या कल्पनेसाठी असायचं. बहुतेक मुलं त्या पानावर पुस्तकातलं उतरवून काढायची. स्वातीने मडक्यातलं तापमान दिवसभर मोजून लिहिलं होतं आणि खाली विचारलं होतं, की माळ फ्रिजच्या थंडीऐवजी मडक्याच्या थंडीसाठी डिझाइन केली तर काम सोपं होईल का? इंग्रजी मोडकं होतं. प्रश्न मोडका नव्हता. आणि मागे सरांचं पत्र. सिन्सिअर, रेग्युलर, ओबिडियंट, गुड मॉरल कॅरेक्टर. शब्द तेच होते, माझ्या वेळचे.

मॅडमनी नियम सांगितला. या अर्जावर चर्चा होईल तेव्हा मी बाहेर थांबायचं. समितीतल्या कुणाशी किंवा शिफारस करणाऱ्याशी त्याबद्दल बोलायचं नाही. बोललो तर अर्ज बाद. नियम योग्यच आहे. दुसऱ्या कुणी आपल्या सरांच्या विद्यार्थिनीसाठी शब्द टाकला असता, तर मीच तक्रार केली असती.

मी विचारलं, “सगळ्याच छोट्या कॉलेजांच्या पत्रांबद्दल एक गोष्ट बोललो तर चालेल?”

“नाव न घेता बोला.”

मीटिंगच्या सुरुवातीला मी बोललो. म्हटलं, आमच्याकडे शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला असतो. मुलगा काय करू शकतो हे कुणी लिहीत नाही. तसं लिहायचं असतं, हेच कुणी सांगितलेलं नसतं. ‘ओबिडियंट’ हा शब्द तिथे मोठी शाबासकी असतो.

समितीतले डॉ. सेन म्हणाले, “माझ्या लॅबमध्ये ओबिडियंट मुलं येतात ना, ती दिवसभर माझ्या दारात उभी असतात. सर, नेक्स्ट काय? सर, नेक्स्ट काय?”

सगळे हसले. मीही हसलो. त्यात तथ्य होतं. आमच्या कामात नव्वद टक्के वेळ काहीतरी बिघडलेलं असतं आणि पुढे काय करायचं ते ज्याचं त्याला सुचावं लागतं. न विचारता हात घालणारी मुलं आम्हाला लागतात.

स्वातीचा अर्ज आला तेव्हा मी उठून कँटीनमध्ये गेलो. परत बोलावलं तेव्हा पुढचा अर्ज चालू होता. काय ठरलं ते कळलं नाही, कळायलाही नको होतं.

दोन-तीन दिवसांनी टेंभरे सरांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

“शहारे, तुमच्या ऑफिसातून मेल आला होता गा. स्वातीबद्दल विचारून राहिले.”

“सर, मला त्याबद्दल बोलता येत नाही. नियम आहे.”

“तू कायले बोलतो? मी बोलून राहिलो, तू ऐक. त्यांनी विचारलं, पोट्टी इंडिपेंडंटली काम करते का म्हणून. मी म्हटलं, बरोबर आहे बाप्पा. दोन महिने होस्टेलात ठेवतील, जवान पोरगी, जबाबदारी त्यांची. विचारतीलच.”

आमच्या भागात एखाद्या मुलीला ‘इंडिपेंडंट टाइप’ म्हटलं, की त्यापुढचं वाक्य चांगलं नसतं. कुणाचं ऐकत नाही, कुठे जाते ते घरी सांगत नाही, असा त्याचा अर्थ. समितीने विचारलेला शब्द आणि सरांनी वाचलेला शब्द एकच होता. तरी प्रश्न दोन होते.

“तुम्ही काय लिहिलं, सर?”

“पक्कं लिहिलं. शी इज नॉट अॅट ऑल इंडिपेंडंट टाइप. विचारल्याशिवाय टेस्ट ट्यूब उचलत नाही. आईबाप सरळ लोक आहेत. माझी पर्सनल गॅरंटी आहे. दोनदा वाचून पाठवलं. स्पेलिंग पोराकडून तपासून घेतलं.”

सर आवाज खाली आणून म्हणाले, “खरं सांगू का तुले? एकदा केलं होतं तिनं. ते नाही लिहिलं मी.”

“काय केलं होतं?”

“तुझं भाषण झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी लॅबमधला थर्मामीटर आणि टेस्ट ट्यूबा घरी घेऊन गेली. न विचारता! अंड्याचा पांढरा बलक काढला. काहीत तसाच ठेवला, काहीत साखर घातली, कमी-जास्त. आईच्या गंजात पाणी गरम करून पाहत बसली, कोणता कधी गोठते ते. साखरवाला उशिरा गोठते म्हणे. दुसऱ्या दिवशी सामान धुऊन परत आणलं आणि मलेच सांगाले आली, सर, साखरेनं माळ टिकते का जी? मी अशी झापली तिले! म्हटलं, फुटलं असतं तर? विचारून न्यायला काय होते? रडली बिचारी. मंग पुन्हा असं नाही केलं. आता ते लिहून पोरीचं नाव कायले खराब करा?”

साखरेच्या पाण्यात प्रोटीनची गुंडाळी जास्त उष्णता सोसते, हे खरं आहे. आम्ही ते एम.एस्सी.च्या मुलांना शिकवतो. फुलचूरच्या स्वयंपाकघरात ते एका मुलीने कुणी न सांगता करून पाहिलं होतं. समितीला तिच्याबद्दल नेमकी हीच एक गोष्ट कळायला हवी होती. आणि सरांनी ती मायेपोटी झाकून ठेवली होती.

“बरं केलं ना मी?” सरांनी विचारलं.

“सर, मला खरंच बोलता येत नाही.”

“हव, हव. नियम आहे. ठेवतो.”

मी मॅडमकडे गेलो. सरांनी आपणहून फोन केला, मी काय ऐकलं, सगळं जसंच्या तसं सांगितलं. सरांचा मेल त्यांच्या समोर उघडाच होता.

“त्यांना काय म्हणायचं आहे ते मला कळतं,” मॅडम म्हणाल्या. “माझ्या वडिलांना विचारलं असतं तर त्यांनीही माझ्याबद्दल हेच लिहिलं असतं. पण हा मेल सगळ्यांनी वाचला आहे. आम्ही सरळ प्रश्न विचारला आणि तिच्याच शिक्षकाने नाही म्हणून उत्तर दिलं.”

“आणि अंड्याचं?”

“ते मला तुमच्याकडून कळलं. तुम्ही त्या अर्जात नाही आहात.”

“सरांनी स्वतः दुसरं पत्र पाठवलं तर?”

“तुमच्या सांगण्यावरून पाठवलं तर अर्ज बाद. आपणहून पाठवलं तर मी घेईन. यादी लागायला अजून वेळ आहे.”

सर आपणहून कशाला पाठवतील? त्यांच्या मते त्यांनी काम फत्ते केलं होतं.

मॅडमनी त्यांच्या परीने प्रयत्न केला. तिचं पान पुन्हा वाचून घ्या असं सेनांनीच सुचवलं होतं, हे मला नंतर कळलं. शेवटी दोन अर्ज बरोबरीत राहिले. एका मुलाच्या शिक्षकाने लिहिलं होतं की तो एकट्याने काम करतो, दुसरीच्या शिक्षकाने लिहिलं होतं की ती करत नाही. स्वाती प्रतीक्षा यादीत पहिली लागली. त्या वर्षी निवडलेल्यांपैकी एकानेही जागा सोडली नाही.

यादी लागली त्या दुपारी तिचा फोन आला.

“सर, मी स्वाती कोटांगले. गोंदियावरून. आठवते का जी?”

“आठवते ना.”

“माझी आयडिया बेकार होती का?”

“नाही. चांगली होती. हे मी मीटिंगमधलं नाही, माझं सांगतो.”

“मंग काऊन नाही झालं?”

मीटिंगमधली कारणं उमेदवाराला सांगायची नसतात. मी म्हटलं, जागा कमी होत्या, पुढेही विज्ञान सोडू नको. मला माझाच आवाज सरकारी पत्रासारखा वाटला.

“हव जी,” ती म्हणाली. “इंग्लिश कमी पडलं असेल माझं.”

इंग्रजीचा काही संबंध नव्हता. तेवढं मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

तिसऱ्या वर्षाची मुलं या प्रकल्पाला चालत नसत, त्यामुळे पुढच्या वर्षी अर्ज करण्याचा प्रश्नच नव्हता. स्वातीने बी.एस्सी. केलं, मग लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. आज ती गोंदियाच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. चांगलं काम करते, असं ऐकतो. ते काम कमी प्रतीचं आहे असं मला म्हणायचं नाही. पण तिने विचारलेला प्रश्न तिला पुढे विचारता आला नाही, याची हळहळ जात नाही. तो प्रश्न तिच्यासारखा विचारणारं मला नंतर कुणी भेटलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही शिफारशीचा फॉर्म बदलला. ‘इंडिपेंडंट’ हा शब्द काढून टाकला. आता प्रश्न असा आहे: विद्यार्थ्याने कुणी न सांगता केलेली एखादी गोष्ट लिहा, त्यासाठी तुम्ही रागावला असाल तरी लिहा. यावरही कधी कधी उत्तर येतं, “तसं काही नाही, मुलगा चांगल्या घरचा आहे.” अशा वेळी आमचं ऑफिस फोन करतं. फोनवर सगळं कळतं.

स्वातीचं नाव राहिलं त्याच उन्हाळ्यात, प्रकल्प सुरू झाल्यावर, मी मॅडमकडे सरांना खरं सांगायची परवानगी मागितली. त्यांनी दिली. सरांना पुढेही शिफारसपत्रं लिहावी लागणार होती, आणि ते मला फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होते, “काऊन झालं नाही रे?” फोनवर सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून पत्र लिहिलं.

त्या पत्राबद्दल सर माझ्याशी कधी एक अक्षर बोलले नाहीत. बऱ्याच वर्षांनी स्वाती भेटली तेव्हा सहज म्हणाली की, त्या पावसाळ्यात सरांनी तिला घरी बोलावलं होतं. काकूंनी चहा-पोहे दिले. ती निघताना सर म्हणाले, “ते अंड्याचं तू बरोबर केलं होतं.” आणि आत निघून गेले. त्यांनी असं मध्येच का म्हटलं, ते तिला कळलं नव्हतं. तोवर ती तिसऱ्या वर्षाला गेलेली होती. मग मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “सरांचं वाईट वाटते जी.”

सरांना पाठवलेलं पत्र असं होतं.

आदरणीय टेंभरे सर,

सविनय नमस्कार.

स्वातीचं का झालं नाही, हे तुम्ही विचारत होता आणि मी टाळत होतो. आता सांगायची परवानगी मिळाली आहे.

आमच्या ऑफिसने तुम्हाला विचारलं ते तिच्या वागण्याबद्दल नव्हतं. ‘इंडिपेंडंटली काम करते का’ म्हणजे, कुणी शेजारी नसताना तिला पुढचं सुचतं का. तुम्ही ते मुलीच्या अब्रूबद्दल विचारलं असं समजून उत्तर दिलं. गोंदियात बसून मी वाचलं असतं, तर मीही तेच समजलो असतो. चूक असेल तर प्रश्न लिहिणाऱ्यांची आहे, आणि त्यांत मीही येतो, कारण मी त्या संस्थेत आहे.

त्या उत्तरामुळे तिची जागा गेली. तुमच्यापासून लपवलं तर तुमच्या पुढच्या विद्यार्थ्याचंही असंच होईल. म्हणून लिहितो.

अंड्याची गोष्ट तुम्ही लिहिली असती तर ती आज इथे असती. आमच्या समितीतल्या कुणीही त्या वयात तेवढं केलं नसेल. तुम्ही रागावलात ते सामान फुटेल म्हणून, आणि कॉलेजच्या सामानाचा हिशेब तुम्हालाच द्यावा लागतो, हे मला माहीत आहे. पण ती त्यावरून एवढंच शिकली असेल की असं करायचं नसतं. ती फोनवर मला म्हणाली, इंग्लिश कमी पडलं असेल. मी नाही म्हटलं, तिला पटलं नाही.

सर, मी तुमच्याकडे आजवर पुष्कळ मागितलं आणि तुम्ही दिलं. आणखी एक मागतो. तिला बोलावून सांगा की तिने केलं ते बरोबर होतं. मी सांगितलं तर ती समजूत काढतो आहे असं वाटेल. तुम्ही सांगा.

ती तुमचं ऐकते.

आपला,
शहारे